सवाल अंगावर, मैदान बंद

महाडात ज्या वस्तूवर जीव असतो ती वस्तू माळ्यावर राहते. सावित्री नदी कधी घरात येईल सांगता येत नाही, म्हणून गाद्या, तांदळाचे डबे, लग्नाचे अल्बम, शिलाई मशीन, सगळं वर. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी तर मोटारसायकल माळ्यावर चढवली होती आणि दर रविवारी वरच ते ती चालू करून बघायचे. खालच्यांना वाटायचं, चवदार तळ्यावर विमान उतरतंय. तेव्हा मी आमच्या भावकीच्या फोरमचा संगणक माळ्यावर ठेवला यात नवल काही नाही. नवल एवढंच की गेल्या पावसाळ्यात माझ्या काकाची सगळी इज्जत त्या संगणकात अडकून पडली, आणि वर जायची शिडी फक्त मला चढता येत होती.

फोरम म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या घरातही ते अजून सगळ्यांना कळलेलं नाही. व्हॉट्सॲपवर सकाळी बोललेलं संध्याकाळी सापडत नाही. फोरमवर एक विषय काढला की त्याच्याखाली त्याच विषयाची बोलणी ओळीने लागत जातात आणि वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतात. कोर्टाच्या बाजूला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. तिथला एक संगणक थकला होता. त्याचा पंखा सुरू झाला की आंबेनळी घाट चढणाऱ्या एसटीसारखा आवाज यायचा. त्याच्यावर मी फुकटात मिळणारं फोरमचं सॉफ्टवेअर बसवलं, इंटरनेटवाल्याला चहा पाजून पाजून घरचं कनेक्शन बाहेरच्या जगाला उघडं करून घेतलं, आणि डोंगरातली, महाडातली, मुंबईतली आमची सगळी भावकी माझ्या माळ्यावर येऊन बसली. बायको म्हणाली, "एवढी माणसं वर आणलीत, माळा पडेल." मी तिला सांगितलं की त्यांना वजन नसतं. ती म्हणाली, "तुमच्या भावकीला? बघू या."

आणि ही माणसं तिथे येऊन काय करत होती? भांडत होती. आमच्या खोऱ्यात शक्ती-तुऱ्याचा नाद आहे. गणपतीत दोन बाऱ्या, म्हणजे दोन नाचाचे संच, समोरासमोर उभे राहतात. पायात चाळ, मधोमध ढोलकी. शक्तीवाल्यांचा बुवा म्हणतो माया थोर, तुरेवाल्यांचा बुवा म्हणतो ब्रह्म थोर, आणि दोघं गाण्यातून एकमेकांना सवाल टाकतात. माझा काका तुरेवाल्यांचा बुवा. राहतो कापड्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत, जिथे फोनची रेंज पाहुण्यासारखी येते आणि चहा व्हायच्या आत जाते. त्याच्या समोरचा शक्तीचा बुवा आमच्याच गावचा, पण जन्म मुंबईत गेला, आता भांडुपला असतो. दोघं एका शाळेत, एका बाकावर होते. पूर्वी त्यांना भांडायला गणपतीची वाट बघावी लागायची. फोरम आल्यापासून भांडण बारमाही झालं.

त्यांच्यासाठी मी फोरम असा काही सजवला होता की मूळ कारागिराने ओळखला नसता. सॉफ्टवेअर उघडून आतल्या फायलींत थेट हात घालायचा, इंग्रजी खोडायचं, आपलं लिहायचं. 'लाइक'च्या जागी 'वाहवा'. नवा सभासद आला की त्याच्या नावाखाली 'झिलकरी' दिसायचं, म्हणजे मागे उभा राहून ओढणारा; जुना झाला की 'बुवा'; देखरेख करणारे 'पंच'. बाहेर पडायच्या बटणावर 'येतो हां'. पासवर्ड विसरल्यास तिथे 'होतं असं वयाप्रमाणे'. एक जुनं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा तुकडा, बसवून शक्तीवाल्यांचं बोलणं डावीकडे, तुरेवाल्यांचं उजवीकडे केलं होतं, बारीसारखं समोरासमोर. आणि खाली एक लालभडक बटण: 'जबाब द्या'. काकाला त्यातलं एकच ठाऊक होतं. लाल दिसलं की दाबायचं.

मग अपडेटचा प्रश्न निघाला. माझं सॉफ्टवेअर इतकं जुनं झालं होतं की जगातले सगळे चोर यंत्रमानव माझ्या माळ्यावर उतरायला लागले. सकाळी उठून बघावं तर नवे झिलकरी भरती झालेले, कुणी गोळ्या विकतंय, कुणी घड्याळं, एक तर शक्तीच्या बाजूने बोलायलाही लागला होता. मुंबईकरांच्या मोबाइलवर फोरम उघडला की तांबडी पाटी यायची की ही जागा धोक्याची आहे. भांडुपच्या बुवाने ती पाटी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "गावच्या मैदानात साप निघालाय वाटतं. सेफ्टी फर्स्ट, शेठ!" हे माझ्या मनाला फार लागलं. मी ठरवलं, अपडेट करायचं. करायचं म्हणजे आत्ताच. मला एखादी गोष्ट करायची म्हटली की तळपायाला मुंग्या येतात, मग त्या डोक्यापर्यंत चढेपर्यंत मी थांबत नाही.

त्याच शुक्रवारी काका आला.

भाताची लावणी उरकून, नाचणीच्या पिठाची पिशवी घेऊन, पोलादपूरला गाडी बदलून काका दारात उभा. भांडुपच्या बुवाचा सवाल त्याच्या अंगावर पडला होता आणि त्याचा जबाब त्याने बांधून आणला होता. सवाल असा होता:

खाचरात पिकलं भात बुवा, माती म्हणे मी पोसलं,
मूठभर तुमच्या बियाने मग मिरवावं ते कसलं?

"माती म्हणजे शक्ती, बियाणं म्हणजे आमी तुरेवाले," काका मला समजावू लागला, जसा काही मी आंधळा. "पण जबाब हाय. चिखलात वाकून वाकून केलाय. लाव तुझा तो लाल दिवा."

रविवारी सकाळी मुंबईत मंडळाची बैठक होती. गणपतीतल्या कार्यक्रमात पहिली बारी कोणाची, हे तिथे ठरणार होतं. सवालाला जबाब मैदानात, म्हणजे फोरमवर, पडला असेल तर तुरेवाल्यांची. नसेल तर शक्तीची, आणि आमच्याकडच्या चालीप्रमाणे हरलेल्या बुवाने आपली ढोलकी समोरच्याच्या पुढ्यात उपडी ठेवायची. काकाची ढोलकी आजवर कोणी उपडी पाहिली नव्हती. त्याच्या घरी ती झाडतानाही कोणी पालथी करत नाही.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? काकाला लाल बटण दाबू दिलं असतं आणि मग अपडेट केलं असतं. पण माझ्या मुंग्या गुडघ्यापर्यंत आल्या होत्या. मी म्हटलं, "काका, हातपाय धुवा, चहा घ्या. तोवर मी मैदान नवंकोरं करून देतो. नव्या मैदानात जबाब कसा घुमेल बघा."

"चहा निवायच्या आत करशील?"

"कपाला तोंड लावायच्या आत!"

वर गेलो. सूचनांत लिहिलं होतं, आधी फोरम बंद ठेवा आणि येणाऱ्यांसाठी दारावर एक साधं पान लावा. मी पान लावलं: 'काम चालू आहे. थोड्या वेळाने यावे.' मग जुन्या फायली काढून नव्या घातल्या. घरघर, घरघर, एसटी घाट चढली, वरंध चढली, रायगड चढली, आणि शेवटी फोरम उघडून बघितला तर पान पांढरं. कोरं. दूध सांडल्यासारखं. अक्षर नाही, बटण नाही, बुवा नाही. मी दाबलं, पुन्हा दाबलं, संगणक बंद केला, चालू केला, देवाचं नाव घेतलं, इंटरनेटवाल्याचं घेतलं. पांढरं ते पांढरं.

मी खाली उतरलो तेव्हा काकाचा चहा संपला होता आणि माझा फोन तापला होता. व्हॉट्सॲप ग्रुप पेटला होता. भांडुपच्या बुवाने माझ्या दारावरच्या पानाचा फोटो टाकला होता.

"थोड्या वेळाने यावे? सवाल अंगावर असताना मैदान बंद?"

खाली कोणीतरी, "टाळं लावून पळाले!"

आणखी कोणीतरी, "काका को बोलो, ढोलकी उलटी करके लाव!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सवाल अंगावर असताना जो मैदान सोडतो, तो हरला. बारीत लघवीला जायचं तरी समोरच्या बुवाची परवानगी लागते. आणि मी चांगला पाटी लावून मैदानाला कुलूप घातलं होतं. अख्ख्या पृथ्वीवर फोरम चालवणारे हजारो असतील, अपडेट करताना ते रोज दार बंद करत असतील, पण दार बंद केलं म्हणून कोणाचा काका हरला नसेल.

"काय म्हणतायत?" काकाने विचारलं. मी सांगितलं. तो उठला, ओट्यावर गेला, परत आला, खिडकीत गेला, परत आला. त्या दिवसापासून रविवारपर्यंत काका खुर्चीला टेकल्याचं मी पाहिलं नाही. जेवलाही तो उभ्याने, ताट ओट्यावर ठेवून.

"मी व्हॉट्सॲपवर टाकतो ना जबाब," मी म्हणालो.

"ती काय मैदान हाय? तो कट्टा. कट्ट्यावरची बडबड पंच धरत नाय. जबाब मैदानात पडला पायजे, आन माज्या हाताने." मग थांबून, "तू ते उघड रे बाला."

शनिवारी मी शिडी इतक्या वेळा चढलो-उतरलो की माकड असतो तर पगार मिळाला असता. या सॉफ्टवेअरच्या करणाऱ्यांचाही एक फोरम आहे, तिथे मी माझ्या इंग्रजीत रडगाणं लिहिलं. सगळ्या जगाला सांगितलं की माझा काका जाणार. कुठल्या तरी थंड देशातून एका सज्जनाने विचारलं, जुन्या फायलींची नक्कल ठेवली होती का? मी लिहिलं, हो, ठेवली होती. कुठे? त्याच संगणकात, सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये. त्याने विचारलं, वरच्या म्हणजे? आता त्याला काय सांगू, महाडचा माणूस किमती वस्तू वर ठेवतो म्हणून! जुन्या फायली पुसताना मी ते वरचं फोल्डरही पुसलं होतं. पाणी खालून येतं एवढंच आम्हाला माहीत. बोललेलं सगळं, सवाल-जबाब, ते वेगळ्या जागी सुरक्षित होतं. गेली ती माझी सजावट. वाहवा गेली, झिलकरी गेले, लाल बटण गेलं.

सज्जन म्हणाला, मूळ फायलींत हात घालायचा नसतो, वेगळी नक्कल करून तिच्यात बदल करायचे, म्हणजे अपडेटमध्ये जात नाहीत. मी म्हटलं, बरं. मग तो म्हणाला, तुमचं एखादं जुनं प्लगइन नव्याशी जमत नसेल, त्याने पान पांढरं होतं, बघून सांगतो. आणि झोपायला गेला. त्याच्याकडे रात्र होती. माझ्याकडे भर दुपार, बाहेर धो धो पाऊस, आणि घरात काका येरझाऱ्या घालत तोच जबाब पुटपुटत होता. बायकोलाही तो पाठ झाला होता. भाकरी थापताना ती तो म्हणत होती, आणि माती म्हणताना जरा जोरात थापत होती.

रविवार उजाडला. पान पांढरं. सज्जनाचा पत्ता नाही. मुंबईत माणसं बैठकीला निघालेली. मी शिडीच्या मधल्या पायरीवर, धड वर नाही धड खाली, आणि काका खाली मान वर करून.

"एकपण अक्षर दिसत नाय म्हंतोस?"

"काही दिसत नाही. दारावरची पाटी तेवढी दिसते."

"ती कुणाला दिसते?"

"सगळ्यांना. फोरमचा पत्ता टाकला की आधी तीच येते."

काकाने माझ्याकडे बघितलं. मी काकाकडे. एकाच वेळी दोघांच्या डोक्यात शिरलं, असं मी सांगतो. बायको म्हणते तिनेच सांगितलं, तव्यावरून मान न उचलता: "मग पाटीवर लिहा की."

पाटी! ती साधी फाइल, फोरमशी तिचं देणंघेणं नाही, ती मोडलेली नव्हती. पण ती बदलायची तर वर जाऊनच. खालून वरच्या संगणकात शिरायची विद्या असते म्हणे, ती मी अजून शिकलो नव्हतो. आणि काका म्हणाला, "माज्या हाताने."

म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या तुरेवाल्याला माळ्यावर चढवायचं आलं. त्याने धोतराचा काचा मारला, कपाळाला हात लावून ढोलकीला, म्हणजे ती वाडीत होती तरी त्या दिशेला, नमस्कार केला. खाली शिडी धरून बायको, वरून हात देणारा मी. बायको म्हणत होती, "काका, खाली बघू नका." काका म्हणत होता, "खाली कशाला बघू, कुडपणच्या कड्यावर शेळ्या राखल्यात मी." मधल्या पायरीवर त्याने एक उसासा सोडला तेव्हा मला वाटलं आता ढोलकी, काका आणि माळा तिन्ही उपडी होणार. पण चढला. गाद्या आणि तांदळाच्या डब्यांच्या मध्ये मांडी ठोकून बसला आणि एका बोटाने, एकेक अक्षर हुडकून, घाम पुसत टाइप करू लागला. प्रत्येक अक्षराला तो मोठ्याने हाक मारत होता, जशी गुरांना मारतात. मी मध्ये बोट घालायला गेलो तर माझ्या मनगटावर फटका बसला.

'काम चालू आहे' पुसलं गेलं. दारावर उभं राहिलं:

माती थोर हे मान्य बुवा, पण बियाविना ती रिती,
पावसाळाभर चिखल नुसता, बेडकं तेवढी गाती!

खाली काकाचं नाव, आणि त्याखाली माझ्याकडून हट्टाने घालून घेतलेली ओळ: 'मैदान दुरुस्तीला, बुवा हजर.'

मी व्हॉट्सॲपवर एवढंच लिहिलं, "एकदा दारावर जाऊन या."   काका वरून उतरायला तयार नव्हता, निकाल लागल्याशिवाय खाली पाय ठेवणार नाही म्हणाला. मीही वर, गुडघे हनुवटीला लावून. अखेर मंडळाच्या पंचाचा फोन आला. बैठकीत सगळ्यांनी आपापला मोबाइल काढला होता आणि भांडुपचा बुवा उभा राहून हरकत घेत होता की दारावर लिहिलेला जबाब जबाब नव्हे. त्यावर कोणी म्हातारी बाई मागून म्हणाली, "दार कुणाच्या मैदानाचं हाय? मग?" आणि अख्खी खोली हसली म्हणे, बेडकांवर. पहिली बारी तुरेवाल्यांची. ढोलकी उभी.

काका उतरला, किंवा उडाला म्हणा. जेवायला बसला, खाली, पाटावर, आणि भाताची परात एकट्याने संपवली.

दुपारी थंड देशातला सज्जन उगवला. त्याने लिहिलं, त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, म्हणजे सॉफ्टवेअरला ते सापडणार नाही. मी बदललं. फोरम उभा राहिला! टकला, इंग्रजी, सगळं बोलणं एकाखाली एक, शक्ती-तुरा एकाच रांगेत, लाल बटणाच्या जागी कसलंसं राखाडी. पण उभा. मी वरून ओरडलो, "काका, झालं! उघडू का मैदान?"

खालून आवाज आला, "थांब."

"का?"

"तो जबाब दारावर ऱ्हाऊ दे. मैदान बंद, म्हंजे त्याला पुढचा सवाल टाकायला जागा नाय." आणि काका असा हसला की मला तो शाळेच्या बाकावर कसा दिसत असेल ते कळलं.

मग मीही ग्रुपवर गंभीरपणे लिहिलं की काम अवघड आहे, वेळ लागेल. भांडुपच्या बुवाने लिहिलं, "कधी उघडताय शेठ?" मी लिहिलं, "इंजिनिअर परदेशात आहे." खोटं काहीच नव्हतं त्यात.

दुपार कलली तसा काका पिशवी घेऊन डेपोवर गेला. पोलादपूरची गाडी लागलेली होती. मी हुश्श केलं, आडवा झालो. डोळा लागतोय तोच दार वाजलं. काका, भिजलेला, पिशवी काखेत.

"गाडी चुकली?"

"बसलो व्हतो. उतरलो." तो आत आला, बसला, उठला. "त्याने काय टाकलं असंल रे?"

"कोणी?"

"आता कोणी! बेडकं ऐकून गप बसणारा हाय का तो? काय तरी जुळवलं असंल त्याने. चांगलंच जुळवलं असंल." खिडकीत गेला, परत आला. "मेला तिकडं तोंडात धरून बसला असंल."

"बसू दे की. उद्यापर्यंत बसेल."

"उद्यापर्यंत!" काकाने माझ्याकडे असं बघितलं की मी शिडीकडे चालू लागलो. "उघड ते. करमत नाय."

वर गेलो, पाटी काढली, दार उघडं केलं. खाली उतरेपर्यंत सवाल येऊन पडला होता. बुवाने तो नक्कीच सकाळपासून तयार ठेवला होता. मी फोनवरून वाचून दाखवला. बेडकांच्या नावाने सुरू होऊन तो कुठल्या कुठे गेला, त्यात बियाणं होतं, पाऊस होता, आणि शेवटी आमच्या शिडीचाही उल्लेख होता. ती बातमी बुवाला कोणी दिली ते मला अजून कळलेलं नाही, पण बायको त्या वेळी फार मन लावून तांदूळ निवडत होती.

"परत वाच," काका म्हणाला. मी परत वाचला. "हळू वाच." मी हळू वाचला. शुक्रवारनंतर पहिल्यांदा काका खुर्चीला टेकला, डोळे मिटले आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला.

"काका, शेवटची गाडी जाईल."

"जाऊ दे. आन ते लाल बटण कुठं गेलं ते बघ आधी. राखाडी मी दाबणार नाय."

माझ्या तळपायाला मुंग्या आल्या. मी शिडी लावली.